मास्तरची झोप

मास्तर ही बाई आहे, हे कारखान्यात नव्याने येणाऱ्याला दोनदा सांगावं लागतं. कापड कापणाऱ्याला त्या धंद्यात मास्तर म्हणतात. हिच्या आधी तिथे कोणा बाईने ते काम केलं नव्हतं, आणि हिच्यासाठी वेगळा शब्द शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तिलाही तो नको होता. "मास्तरीणबाई म्हणालात तर पट्टी घालीन डोक्यात," असं तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. कारखाना गणवेश शिवणारा. लांबलचक टेबल, त्यावर एकावर एक पसरलेले कापडाचे ऐंशी-ऐंशी थर, वरच्या थरावर खडूने आखलेल्या बाह्या नि कॉलर, एका हातात लोखंडी कड्यांचा हातमोजा आणि दुसऱ्यात मोटरवर चालणारी उभी सुरी. सव्वीस वर्षं ती सुरी तिच्या हातात होती आणि दहाच्या दहा बोटं शाबूत होती. त्यातली पहिली अकरा वर्षं रात्रपाळीची.

छातीत गाठ निघाली, तेव्हा बाकीचे घाबरतात तशी ती घाबरली नाही. चिडली. नवऱ्यावर चिडली, तपासणीला सहा महिने उशिरा गेली म्हणून स्वतःवर चिडली, आणि 'तो आजार', 'ते दुखणं' असं कुजबुजणाऱ्या नातेवाइकांवर तर अशी चिडली, की काही विचारू नका. "कॅन्सर म्हणा. तीन अक्षरं आहेत, जीभ झडत नाही," असं तिने भर हॉस्पिटलच्या खोलीत पाहुण्यांना सुनावलं. ऑपरेशन झालं. सलाइनमधून औषधं झाली, केस गेले, केस आले, तेही आधीपेक्षा कुरळे. मग किरणांनी शेकण्याच्या पंचवीस फेऱ्या झाल्या. ती कामावर परतली त्या दिवशी मालकांनी फुलांचा गुच्छ दिला, शिलाईच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, इस्त्रीवाल्याने डोळे पुसले. झालं! सुटली बाई, असं सगळ्यांना वाटलं.

कसली सुटतेय. आता सुरू झाली गोळी.

इवलीशी पांढरी गोळी. रोज एक, पाच वर्षं. मोठे डॉक्टर म्हणाले, "ही चुकवायची नाही. गाठीला ज्याच्यावर पोसायची सवय होती, तेच ही गोळी शरीरात बनू देत नाही." मास्तरने मान डोलावली. ज्या बाईने हे सगळं काढलं, तिला एका गोळीचं काय एवढं? नवरा रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी गोळी काढून ठेवायचा आणि ती ती गिळायची.

महिनाभरात झोपेचं खोबरं झालं. म्हणजे जागरण तिला नवं नव्हतं, अकरा वर्षं रात्रपाळी केलेली बाई ती. पण हे जागरण निराळंच. जरा डोळा लागतोय तोच छातीपासून कानापर्यंत आगीचा लोळ उठायचा, गाऊन भिजून चिंब व्हायचा, आणि पांघरूण लाथाडलं की दोन मिनिटांत हुडहुडी भरायची. बोटांचे सांधे ठणकायचे. रात्रीतून असं सहा-सात वेळा. पहाटे नवरा विचारायचा, "झोप लागली नाही का गं?" आणि ती म्हणायची, "लागली की. झोपेतच छतावरचे डाग मोजतेय."

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. जो तो उंटावरून शेळ्या हाकायला तयार. कुणी म्हणे गरम दूध पी, कुणी म्हणे शंभरापासून उलटे आकडे मोज, कुणी म्हणे चांगले विचार कर. चांगले विचार! रात्री तीन वाजता अंगाची भट्टी झालेली असताना चांगले विचार कसे करतात, हे त्या माणसाने एकदा करून दाखवावं. शिलाईतली एक म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका मास्तर, काळजीनेच झोप जाते." मास्तर म्हणाली, "काळजीने घाम येतो होय? मग तुझ्या सासूला का येत नाही?"

तीन महिन्यांनी तपासणी होती. ती ठरवून गेली, की आज डॉक्टरांना सांगायचंच. आणि सांगितलंही. "डॉक्टर, झोप अजिबात येत नाही." डॉक्टर कागदावर सही करत होते. म्हणाले, "येईल, हळूहळू येईल. अहो, एवढ्या मोठ्या दुखण्यातून वाचलात, आनंदात राहा."

आणि मास्तर गप्प बसली. हो, तीच, पट्टी घालीन म्हणणारी. बाहेर बाकांवर चाळीस बायका बसल्या होत्या, त्यातल्या कित्येकींच्या डोक्यावर अजून केस नव्हते. आपण जिवंत आहोत, चालतो-फिरतो आहोत, आणि वाचवणाऱ्याच्या तोंडावर 'मला झोप येत नाही हो' म्हणून रडगाणं गायचं? तिला लाज वाटली. घरी येईपर्यंत मात्र त्या लाजेचा राग झाला होता. सांगितलेलं ऐकून न घेणारा माणूस आणि ऐकायला न लावणारी आपण, दोघांचाही राग.

पाचव्या महिन्यात व्हायचं तेच झालं. रखवालदारांचे कोट होते, ऐंशी नग. कापडाला सुलट आणि उलट बाजू होती. असं कापड सगळे थर एकाच तोंडाने पसरून कापायचं असलं, की डाव्या बाहीचा नमुना वेगळा मांडावा लागतो आणि उजव्या बाहीचा वेगळा. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. शिकाऊ पोरीसुद्धा चुकत नाहीत. मास्तरने डाव्याचा नमुना दोनदा मांडला. आखला, सुरी फिरवली, बंडलं बांधली, चिठ्ठ्या लावल्या. दुपारी शिलाईतून आरडाओरडा झाला. एकशे साठ डाव्या बाह्या, आणि उजवी औषधालाही नाही.

कापड संपलेलं, तसलं पुन्हा मिळायला महिना. सगळा कारखाना टेबलाभोवती गोळा झाला. इस्त्रीवाला बिचारा वातावरण हलकं करायला म्हणाला, "चालेल की, चोर दिसला तर उजव्या हाताने सलाम तरी ठोकणार नाहीत." कुणी हसलं नाही. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, चूक तुमची नाही, तब्येतीची आहे. नशीब, बाह्याच गेल्या, बोट नाही गेलं. काही दिवस धागे कापायला बसा."

धागे कापणं म्हणजे शिवून आलेल्या कपड्याचे लोंबणारे दोरे छोट्या कात्रीने कापत बसायचं. कारखान्यात आलेल्या बाईचं पहिल्या दिवसाचं काम. सव्वीस वर्षांनी मास्तर खिडकीजवळच्या स्टुलावर बसली, आणि तिच्या टेबलाशी, तिच्या सुरीशी, तिनेच शिकवलेला माणूस उभा राहिला. तो वळून वळून विचारायचा, "मास्तर, हे असंच ना?" एकदाही हिला मान वर करून उत्तर देता आलं नाही. कॅन्सरने तिचा अर्धा ऊर नेला होता, तेव्हा ती रडली नव्हती. त्या स्टुलावर ती रडली, आणि दोरे डोळ्यांत जातात असं सांगितलं.

त्याच रविवारी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, मनाने वाईट नाही, पण वर्तमानपत्रात छापलेलं सगळं खरं मानणारी आणि कापून पर्समध्ये ठेवणारी. त्यांनी कात्रण काढलं. 'अपुरी झोप आणि कॅन्सर: शास्त्रज्ञ काय म्हणतात?' असा ठळक मथळा. "बघ," वन्सं म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते? अकरा वर्षं रात्रीच्या झोपा मोडल्यास, त्यानेच झालं तुला. आणि अजूनही झोपत नाहीस. स्वतःच्या हाताने परत ओढवून घेणार आहेस तू."

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वन्सं, रात्रपाळी मी हौसेने केली का? तुमच्या भावाचं काम सुटलं होतं तेव्हा घर कशावर चाललं? तेव्हा आणलं असतंत कात्रण!" वन्सं रुसून गेल्या. कात्रण टेबलावरच राहिलं.

ते तिने रात्री वाचलं. झोप नव्हतीच, दुसरं करायचं काय? चार वेळा वाचलं. आणि कापणाऱ्याचं डोकं कसं चालतं बघा, नमुना नमुन्याला लावून बघायचा. झोप नाही, तर कॅन्सर. गोळी घेतली, तर झोप नाही. मग गोळी घेतली, तर काय? सरळ आहे की! ज्या गोळीने वाचायचं, तीच पुन्हा आजार आणणार. एवढी साधी गोष्ट त्या डॉक्टरला कळू नये? तिला ते इतकं पटलं, की इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. नमुना पुन्हा एकदा चुकीच्या तोंडाने पडला होता, पण या वेळी आरडाओरडा करायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या कपाजवळची गोळी तिने तोंडात टाकल्यासारखं केलं आणि एप्रनच्या खिशात टाकली. कारखान्यात गेल्यावर चिंध्यांच्या पोत्यात. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता, तो घाबरट. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण घरात साधा बल्ब बदलताना दहा वेळा बटण बघणारा.

तीन आठवड्यांत भट्टी विझली. पाचव्या आठवड्यात ती सलग सहा तास झोपली, आणि उठल्यावर तिला आपण कुठे आहोत हेच कळेना. गालांवर रंग आला. मालकांच्या समोर जाऊन म्हणाली, "माझं टेबल द्या." त्यांनी आधी एक लहान काम देऊन पाहिलं, मग मोठं. सुरी परत हातात आली. शिकवलेला माणूस बाजूला सरकला, वर म्हणाला, "मास्तर, मला तर तुमच्या टेबलाची भीतीच वाटत होती." सगळं जागेवर बसलं. सत्तर दिवस असे गेले, आणि पुढच्या तपासणीची तारीख आली.

नवरा सोबत आला होता, तो बाहेर बाकावर बसला. आत डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले. "छान. गोळी नियमित चालू आहे ना?"

"हो," मास्तर म्हणाली. खोटं बोलायची तयारी करूनच आली होती.

"आणि झोप? मागे काहीतरी तक्रार होती तुमची."

"येते आता."

डॉक्टर हसले. खुर्चीत मागे रेलले. "बघा, म्हटलं नव्हतं? शरीराला गोळीची सवय होते. बायका उगाच घाबरतात. जरा धीर धरला की सगळं होतं."

आता डॉक्टर हे नसते बोलले, तर मास्तर खोटं बोलून सरळ घरी गेली असती, आणि पाच वर्षं चिंध्यांचं पोतं गोळ्या खात राहिलं असतं. पण त्या हसण्याने तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या पाच महिन्यांनी तिला जाळलं, ते या माणसाने स्वतःच्या खिशात घातले?

"गोळी बंद केली म्हणून झोप आली!" ती ओरडली. "धीर धरून नाही! सत्तर दिवस झाले, एक गोळी घेतलेली नाही!"

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. "बंद केली? कुणाला विचारून?"

"तुम्हाला! तुम्हालाच विचारलं होतं मी. याच खुर्चीत बसून. तुम्ही म्हणालात, आनंदात राहा!"

दारातली सिस्टर आत डोकावली आणि तिथेच उभी राहिली. मास्तर थांबेना. डाव्या बाह्या सांगितल्या, स्टूल सांगितलं, भिजलेले गाऊन सांगितले. शेवटी पर्समधून ते कात्रण काढून टेबलावर आपटलं. "हे वाचा. शास्त्रज्ञ म्हणतात!"

डॉक्टरांनी वाचलं. सगळं वाचलं, हे मात्र खरं. मग त्यांचा आवाज उतरला. "हे बघा, वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत हा आजार थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. काही नाही सांगत. तुम्हाला कशाने झाला, हे जगात कुणीही सांगू शकणार नाही. पण ही गोळी काय करते, ते पक्कं माहीत आहे. तो पुन्हा येण्याची शक्यता ती कमी करते. झोप गेल्याने तुमचे हाल होतात, ते खरंच आहेत. पण गोळी सोडून जे होऊ शकतं, त्याच्याशी त्याची बरोबरी नाही."

मास्तरचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मग या सत्तर दिवसांत... काही झालं असेल?"

"बहुधा नाही."

"बहुधा?"

"खात्रीने सांगितलं तर ते खोटं होईल."

मग सिस्टर दारातून म्हणाली, "सर, गेल्या महिन्यातही एकीने अशीच बंद केली होती. सांगत नाहीत बायका." डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग फाईल ओढली आणि त्यावर 'झोप' असं लिहून त्याखाली रेघ मारली. म्हणाले, दुसरी गोळी आहे, काम तेच करते, काहींना तिचा त्रास कमी होतो. काहींना होतोच. घामासाठी वेगळं औषध आहे. वरच्या मजल्यावर झोपेचं बघणाऱ्या बाई आहेत, सहा बैठका घेतात, त्याने फरक पडतो.

"हे सगळं तेव्हाही होतं?" मास्तरने विचारलं.

"होतं."

"मग जळलं मेलं ते तुमचं आनंदात राहणं," ती म्हणाली आणि चिठ्ठी घेऊन उठली.

औषधांच्या दुकानासमोर रांगेत तिने नवऱ्याला सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण आता तो घाबरणार, रडणार, मग आपल्यालाच त्याला सावरावं लागणार, हे तिला ठाऊक होतं. नवरा खाली बघत राहिला. घाबरला नाही. त्याच्याकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं."

त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"रविवारी एप्रन धुवायला घेतो ना मी," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवसाची गोळी खिशातच राहायची तुझ्या. आधी वाटलं, विसरली असेल. मग पुढच्या रविवारी पुन्हा. मग पुन्हा."

"किती रविवार?"

"आठ-नऊ असतील."

रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या, कारण आता मास्तरचा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. "डॉक्टरला माहीत नव्हतं! तुमच्या बहिणीला अक्कल नव्हती! मला कुणी सांगितलं नव्हतं! पण तुम्हाला माहीत होतं! रोज सकाळी कपाशेजारी गोळी ठेवत होतात, आणि रोज बघत होतात, मी ती घेत नाही ते! मी मरत असते तर तसंच बघत राहिला असतात?"

"तू घोरत होतीस," तो म्हणाला.

"काय?"

"सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी उठून बसलो आणि ऐकत राहिलो. म्हटलं, आज झोपू दे, उद्या बोलू. उद्या पुन्हा घोरलीस." त्याने हाताने तोंड पुसलं. "बोललो असतो तर तू गोळी पुन्हा सुरू केली असतीस. मग पुन्हा ते सगळं. तू सोसलं असतंस, माझ्याने बघवलं नसतं. आणि खरं सांगू? मलाही झोप लागायला लागली होती."

तिला त्याला मारावंसं वाटलं. खरोखरच हात उचलला गेला होता. आजवर जो तो तिला झोप झोप म्हणून छळत आला होता, आणि एकच माणूस असा निघाला की ज्याला तिची झोप इतकी हवी होती, की त्यापुढे तो तिचा जीव विसरला. यावर चिडायचं तरी कसं? पण ती चिडली. का चिडू नये? प्रेमाने केलं म्हणून काय बाहीची बाजू बदलते?

रांग पुढे सरकली. तिने नवी गोळी घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि दुकानाच्या पायरीवरच उभी राहिली. पुन्हा ती भट्टी पेटेल, पुन्हा पहाटे तीन. उद्या मालकांना स्वतःच जाऊन सांगावं लागेल, की झोप न झालेल्या दिवशी मी सुरी धरणार नाही, स्टुलावर बसेन. ठेवायचं तर ठेवा. तिने गोळी जिभेवर ठेवली, पाण्याबरोबर गिळली, आणि नवऱ्यापुढे तोंड उघडून दाखवलं. मग त्याच्या शर्टाची बाही घट्ट पकडली.

"ऐका. पुन्हा माझ्या खिशात गोळी सापडली, तर मला उठवायचं. कितीही गाढ झोपलेली असले तरी. हलवून, ओरडून, तोंडावर पाणी मारून. कळलं?"

"कळलं."

"मी शिव्या देईन."

"दे."

"तरी उठवायचं."